तारबुवाची तार

चौकातल्या बंद पेट्रोलपंपाच्या छपराखाली रोज सकाळी गाड्यांची रांग लागायची, आणि रांगेपेक्षा बघ्यांची गर्दी मोठी. सिग्नल लाल झाला, गाडी थांबली, की इंजिन आचके देऊन गप्प. मग चार जण ती ढकलत तारबुवाच्या पुढ्यात आणायचे. या चौकात एक ड्रायव्हर मेला, त्याचा आत्मा सिग्नलपाशी उभा असतो, थांबलेल्या गाडीत शिरतो आणि इंजिनाचा गळा दाबतो, असं बुवा डोळे मिटून सांगायचा. धावत्या गाडीत म्हणे त्याला चढता येत नाही. जन्मभर गाडी हाकून मेलेल्या माणसाला एवढंही जमू नये!

मालकाला लांब उभं करायचं, उघड्या बॉनेटवर काळं कापड टाकायचं, खाली हात घालून पुटपुटायचं आणि आत कुठेतरी ‘सिद्ध’ तांब्याची तार बांधायची. दक्षिणा आधी. तार पाहिली तर आत्मा परत येणार, ही वर अट. आणि खरं तेच सांगते, तार बांधलेली गाडी थांबल्यावर बंद पडत नसे. लोक हात जोडायचे ते उगाच नाही.

माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. मी गाडी चालवायला शिकवते असं लोक समजतात. खरं म्हणजे मी थांबवायला शिकवते. चालवता कोणालाही येतं.

माझा धाकटा भाऊ शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो. जुनी व्हॅन, थांबली की बंद पडायची. माझी जीभ त्याला ठाऊक, म्हणून मला न सांगता तो बुवाकडे जाऊन तार बांधून आला. नंतरच्याच आठवड्यात शाळेच्या फाटकाशी त्याने रेसवरचा पाय काढला, तरी गाडी हटेना, पुढे रेटतच गेली. ब्रेक दाबला तेव्हा ती थांबली, पण पांढऱ्या पट्टीच्या पलीकडे. रांगेत अडकलेल्या याच व्हॅनमधून आधीच उतरलेली पहिलीतली एक मुलगी तिथून रस्ता ओलांडत होती. तिचं पाऊल चाकाखाली आलं. चालेल, पळण्याचं आत्ता सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

भाऊ घरी आला तो पांढराफटक पडून. मला वाटलं, आता तरी डोळे उघडले असतील. कसलं काय.

“ताई, बुवा म्हणतात आत्मा चिडलाय. उद्या दुसरी तार बांधून घ्यायला सांगितलंय.”

“आणि पोरं?”

“पोरं घेऊनच जाईन. चौक वाटेतच आहे.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात उगारला होता, तो कसाबसा आवरला. त्याला समोर बसवलं आणि विचारलं, तार बांधायच्या आधी गाडी कुठे कुठे बंद पडायची. फाटकाशी, चहाच्या टपरीशी, आपल्या दारात, तो म्हणाला. जिथे थांबेल तिथे.

“मग चौकातला आत्मा आपल्या दारात काय भाड्याने राहतो?”

चौकातला सिग्नल सगळ्यात लांबलचक, तिथे बघे उभे, म्हणून तिथल्या बंद गाड्या मोजल्या जातात. चालू राहिलेल्या शेकडो गाड्या कोण मोजतो?

मुलांना उद्या तुम्हीच पोचवा, असं मी सगळ्या पालकांना कळवलं. सकाळी रिकामी व्हॅन घेऊन भावासकट चौकात गेले. बुवा कापड घेऊन पुढे आला, तसं मी ते त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि बॉनेट उघडलं. भस्म व्हाल, असं त्याने बजावून पाहिलं. गर्दी दोन पावलं मागे सरली, पण पांगली नाही.

तार समोरच होती. रेसच्या केबलने इंजिनावरची एक दांडी ओढली जाते आणि हवेच्या वाटेतली झडप उघडते. तारेने ती दांडी ओढून पक्की बांधली होती. म्हणजे पाय काढला तरी रेस चालूच. मी तार सोडवली. चालू इंजिनाचा वेग उतरला, त्याने आचके दिले आणि ते बंद पडलं. “आला, आला!” गर्दीत कुणीतरी ओरडलं.

“आला तर येऊ दे. त्यालाही शिकवते गाडी.”

हवेचा पाइप काढून मी आत बोट फिरवलं आणि ते सगळ्यांना दाखवलं. काळंकुट्ट. पाय काढला की ती झडप मिटते आणि इंजिन कडेच्या बारीक फटीतून श्वास घेतं. काजळीने फट बुजली की गुदमरतं, म्हणून थांबतानाच बंद पडतं. गॅरेजमध्ये मिळतो तो काजळी काढायचा स्प्रे मारला, फडक्याने झडप पुसली, पाइप बसवला. व्हॅन सुरू केली, पाय काढला. तार नाही, मंत्र नाही. इंजिन संथ चालत राहिलं.

भावाने सिग्नलपर्यंत नेऊन थांबवली. लाल दिवा संपेपर्यंत कोणी हललं नाही. गाडी बंद पडली नाही.

बुवा म्हणाला, “गुण आला होता की नाही तारेने? गाड्या चालू राहत होत्या ना?”

मला सगळ्यात जास्त संताप आला तो इथे. कापडाखाली, न बघता, त्याचा हात बरोबर त्या दांडीवर जात होता. ते ज्ञान काही समाधीत मिळत नाही. रोग त्याला ठाऊक होता, उपायही ठाऊक होता. पण पुसलेली गाडी परत येत नाही, बांधलेली येते. तेवढ्यासाठी त्याने मुलांनी भरलेल्या व्हॅनची रेस बांधून ठेवली. हे मी त्याच्या तोंडावर, सगळ्यांसमोर सांगितलं, आणि ती तार घेऊन पोलीस ठाण्यात गेले. मी न सांगताच भाऊ मागे आला. मुलीच्या पायाचा जबाब त्याने स्वतः दिला. त्याची चूक त्याच्या पदरात, ती मी झाकणार नाही.

तुम्हाला एवढंच सांगते. गुण आला, एवढ्यावर हात जोडू नका. कशाने आला ते विचारा. जो कापड टाकून काम करतो, त्याचं कापड आधी ओढा. गाडी बिघडली तर बॉनेट उघडा.

व्हॅन आता पट्टीच्या अलीकडे थांबते. खिडकीजवळची एक जागा अजून रिकामी असते. एका फडक्याचं काम होतं.