अंगठी ॲसिडात पडते तेव्हा

धाकटी कारखान्यात शिरली तेव्हा तिचे पाय जमिनीवर नव्हतेच. ताईने काचेच्या भांड्यात नुकतंच ताजं नायट्रिक ॲसिड ओतलं होतं. नळाच्या पितळी तोट्या त्यात क्षणभर बुडवून लखलखीत करायच्या आणि मग त्यांच्यावर निकेलचा मुलामा चढवायचा, हे आजचं काम.

"ताई, त्याने विचारलं!"

"लांबून बोल. काय विचारलं?"

"अगं, लग्नाचं!"

तो म्हणजे वाद्यवाला. ट्रम्पेट, क्लॅरिनेट दुरुस्त करायचा आणि मुलाम्यासाठी ताईकडे आणायचा. गेलं वर्षभर त्याच्या ट्रम्पेटांना मुलाम्याची गरज जरा जास्तच पडू लागली होती, हे ताईच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं. माणूस बरा होता. पण धाकटीला आपणच लहानाची मोठी केली, त्यामुळे बरा माणूस ताईला पुरेसा वाटेना.

"आणि ही बघ अंगठी! त्याच्या आईची. सोन्याची. जरा सैल होते, पण ते काय... त्याने ना, असा हात धरला, आणि असा..."

'असा' दाखवताना धाकटीने हात जो फिरवला, त्यात अंगठी बोटातून सुटली, तिने हवेत एक गिरकी घेतली आणि बरोब्बर ॲसिडात. टुबुक.

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. ताई मात्र ढिम्म.

"रडू नकोस. सोनं आहे ना? मग निवांत राहा. लोखंड, जस्त, तांबं, सगळे या ॲसिडाशी भांडायला जातात आणि स्वतः संपतात. सोनं कुणाच्या अध्यात ना मध्यात. वर्षभर ठेवलं तरी तसंच राहील. चिमटा दे."

धाकटीने चिमटा दिला. तेवढ्यात भांड्यातून 'स्स्स' असा आवाज आला. अंगठीभोवती बुडबुडे उठले, वर तांबूस धूर आला आणि ॲसिड हिरवंगार होऊ लागलं.

"ताई, सोनं भांडतंय!"

ताईने पंखा पूर्ण जोरात सोडला, धाकटीला दंडाला धरून अंगणात काढलं आणि दार लोटून घेतलं. हिरवा रंग म्हणजे तांबं. तांबं म्हणजे पितळ. आणि पितळ म्हणजे वाद्यवाल्याने आपल्या बहिणीला सरळसरळ फसवलं!

नेमका तेव्हाच तो फाटकातून आत आला. हातात फुलं, चेहऱ्यावर हसू.

"ताई, तुम्हाला कळलंच असेल..."

"कळलं. तुमची अंगठी विरघळली."

"सोनं... विरघळत नाही ना पण?"

"नाही. म्हणूनच म्हणते!"

त्या बिचाऱ्याचा चेहरा असा पडला की ताईचा राग तिथेच अडखळला. इतक्या खऱ्या धक्क्याचं सोंग कुणाला आणता येत नाही. त्याने आईला फोन लावला आणि दोघींनाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"आई, ती अंगठी... पितळेची होती?"

पलीकडे जे हसू फुटलं ते थांबेचना.

"अरे देवा, कळलं का शेवटी? तुझ्या बाबांनी मोडक्या ट्रम्पेटच्या नळीतून कापली होती! वर सोन्याचा मुलामा. आतून झिजला आणि महिन्याभरात माझं बोट हिरवं. त्यांना वाटायचं मला माहीत नाही. मी तीस वर्षं त्यांना कळू दिलं नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी? मुलीला म्हणावं, माझं सगळं चांगलं झालं त्या पितळेवर!"

धाकटी आधी गालात हसली, मग खोखो, मग पोट धरून खालीच बसली. तिचं पाहून वाद्यवाला हसायला लागला. ताईने चेहरा कडक ठेवायचा आटोकाट प्रयत्न केला आणि हरली.

धूर गेल्यावर तिघं आत गेले. भांड्यात आता अंगठी नव्हती. तिच्या जागी कांद्याच्या पातळ सालीसारखी एक सोनेरी चकाकी तरंगत होती. मुलामा तेवढा उरला होता, अगदी अंगठीच्या आकाराचा. ताईने चिमटा लावला आणि ती साल चुरगळली.

"बाकीची अंगठी कुठे गेली?" धाकटीने विचारलं.

"कुठे जाणार? या हिरव्या पाण्यात आहे." आणि हे म्हणता म्हणता ताईच्याच डोळ्यांत चमक आली. "बाहेर काढू या तिला."

तिने दोघांना चष्मे आणि हातमोजे चढवायला लावले. ॲसिड हळूहळू पाण्यात ओतलं, तसा हिरवा रंग निळा झाला. मग धुण्याचा सोडा, चिमूट चिमूट. वाद्यवाल्याला चिमूट म्हणजे मूठ वाटली. फेस भसाभसा वर आला, काठावरून टेबलावर आणि टेबलावरून त्याच्या बुटांवर.

"ॲसिड मेलं का?" पाय झटकत त्याने विचारलं.

"नाही, जरा नरमलंय. तेवढं हवंच."

तो इतका उतावीळ की त्याने खिशातला एक लोखंडी वॉशर त्यात सोडूनच दिला. बघता बघता वॉशर तांब्याच्या रंगाचा! "झाली अंगठी!" तो ओरडला. धाकटीने तो बाहेर काढून बोटाने पुसला, तर तांबं भुकटीसारखं मोज्यावर आलं.

"लोखंडाने स्वतः पाण्यात उडी मारली आणि तांब्याला बाहेर ढकललं," ताई म्हणाली. "घाईचं काम. बसत नाही नीट."

मग आतल्या लोखंडाला उडी मारता येऊ नये म्हणून तिने निकेल चढवलेला वॉशर शोधला, धाकटीच्या बोटाला लावून पाहिला आणि मुलाम्याच्या विजेच्या यंत्राच्या ऋण तारेला टांगला. धन तारेला तांब्याची पट्टी न लावता कोळशाची कांडी लावली. "दुसरं तांबं नको. जे येईल ते त्या ट्रम्पेटचंच."

"आणि जस्त? पितळेत जस्त असतं ना?"

"ते हट्टी. तांबं असेपर्यंत पाणी सोडणार नाही. राहू दे तिथेच."

तिने कळ दाबली. भांड्यावर वाकताना तिघांची डोकी एकमेकांवर आपटता आपटता राहिली. वॉशरच्या कडेला आधी गुलाबी सावली, मग हळूहळू पूर्ण गोल. वाद्यवाला कुजबुजत कुठलीशी धून गुणगुणू लागला, धाकटी त्याचा सूर चुकवत साथ देऊ लागली, आणि ताईला वाटलं, बरा माणूस पुरेसा आहे.

अर्ध्या तासाने अंगठी बाहेर आली. धुतली, पुसली. तांबं पक्कं बसलं होतं.

वाद्यवाल्याने ती घेतली आणि फेसाने ओल्या फरशीवर गुडघे टेकले.

"आता पुन्हा विचारतो. हा वॉशर आहे. खोटं काही नाही यात."

"हो!" धाकटी म्हणाली. "हो, हो, हो!"

"आधी दोघं हात धुवा," ताई म्हणाली, आणि डोळे कोरडे करायला बाही शोधू लागली, कारण तिच्या हातात अजून मोजे होते.