वसंतामामींचा नवस आणि राजगोपालकाकांच्या मांड्या

नवस बोलायचा तर माणसाने स्वतःच्या जिवावर बोलावा. वसंतामामी नवऱ्याच्या मांड्यांवर बोलून बसल्या. राजगोपालकाकांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन चालू होतं, तेव्हा बाहेरच्या बाकावरून त्यांनी पिळ्ळयाराला, म्हणजे आपल्या गणपतीला, शब्द दिला: गुडघा नीट झाला तर हे तुझ्यापुढे एकशे आठ तोप्पुकरणं घालतील. तोप्पुकरण म्हणजे उजव्या हाताने डावा कान, डाव्या हाताने उजवा कान धरून उठाबशा. आणि त्या होईपर्यंत मी कॉफीला शिवणार नाही, हे वर.

गुडघा बरा व्हावा म्हणून गुडघ्याचीच वाट लावणारा नवस! मी मूळची सांगलीची, इकडे तमिळ मुलखात, अण्णा नगरात फिजिओथेरपीचं क्लिनिक चालवते. तऱ्हेवाईक माणसं काही कमी पाहिली नाहीत, पण हे ऐकून मी कपाळाला हात लावला.

काका माझे पेशंट, आणि मामी म्हणजे इकडच्या रीतीने कुणीही वडीलधारी बाई. ऑपरेशनला आठ आठवडे झाले होते. नवा सांधा ठणठणीत होता, संप पुकारला होता तो मांडीने. ऑपरेशननंतर गुडघा सुजला की पुढचे स्नायू गप्प होतात, काकांचे तर अजून झोपलेलेच होते. मी भिंतीवरच्या चित्रावर पट्टी टेकवून दोघांना समजावलं, "पुढे चार स्नायू. चौघं गुडघ्याच्या वाटीपाशी एकत्र येतात आणि पाय सरळ करतात. मागचे तीन गुडघा वाकवतात."

"मग बसतांना मागचेंच काम," मामी म्हणाल्या. घरात तीनशे वर्षं जपलेली तंजावरची मराठी त्यांची. "अर्धा नवस तेंच फेडूं देत."

"नाही हो. सावकाश खाली उतरवतात तेही पुढचेच. सोडत सोडत धरून ठेवतात. त्यांनी अंग काढून घेतलं की माणूस धाडकन बसतो."

काका जन्मभर सरकारी कचेरीत हेडक्लार्क. त्यांनी चौघांची हजेरी घ्यायला सुरुवात केली. वाटीच्या आतल्या बाजूचा स्नायू सगळ्यांत जास्त वाळला होता. त्याच्याकडे बोट रोखून ते ओरडायचे, "अरे आंतल्या! तुज वेगळी नोटीस देऊं की?" आतला ढिम्म.

तोवर काकांना खुर्चीतून उठवायचं काम मामींकडे. समोर उभं राहायचं, काखेत हात घालायचे, गुडघे वाकवायचे आणि "एक, दोन" म्हणून ओढायचं. दिवसातून वीसदा. वर कॉफी बंद, म्हणून डोकं भणभणलेलं. कपाळावर बामाचा थर घेऊन ती बाई अठ्ठावन्न दिवस नवऱ्याला उचलत होती. मला तिचा राग यायचा आणि कीवही.

एकदा मी चिडून म्हणालेच, "मामी, उठाबशा स्वतःच्या नावे का नाही बोललात?"

"माझ्या मांड्या रिकाम्या आहेत की, नंदिता? यांस उठवायचें कोण?"

 मग मी एक मूर्खपणा केला. मांडीला चकत्या चिकटवून विजेचे हलके झटके देणारं छोटं यंत्र माझ्याकडे होतं. झटक्यासरशी पुढचे चौघं आवळतात. असे एकशे आठ झटके चालतील का, असं कोपऱ्यावरच्या देवळातल्या गुरुजींना विचारलं. ते विचार करून तमिळमध्ये म्हणाले, देवाला मांडी हललेली दिसल्याशी काम, कोणी हलवली याची चौकशी तो करत नाही.

चतुर्थीला पिळ्ळयारासमोर प्लास्टिकची खुर्ची मांडली. काका लुंगीसारखी नेसलेली वेष्टी मांडीपर्यंत दुमडून, कान धरून बसले. गुरुजींनी यंत्राला गंध लावलं, दूर्वा वाहिल्या आणि मोजायला लागले. दर झटक्याला मांडी टणकन उडायची आणि काका देवाकडे बघून ओशाळं हसायचे. दर्शनाला आलेले लोक आधी देवाला, मग यंत्राला हात जोडत होते. एक्क्याण्णवाव्या झटक्याला गुरुजींना भक्तीचं भरतं आलं. त्यांनी यंत्रावर पळीभर तीर्थ शिंपडलं. यंत्र गेलं.

सतरा उरले. मामी मटकन पायरीवर बसल्या आणि रडायला लागल्या. "आतां पुन्हा पहिल्यापासून," त्या म्हणाल्या. "मज होईना आतां. डोकें फुटतें."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. हात कानांवरच होते. कान सोडले तर नवस मोडेल, आणि उठायचं तर खुर्चीचे हात धरायला हवेत. "एक, दोन," ते पुटपुटले, पुढे झुकले आणि उठले. नुसत्या मांड्यांवर. थरथरत, पण सरळ उभे. मी धावले, तर आतला स्नायू कातडीखाली टरारून वर आलेला. मग ते तसेच सावकाश, सोडत सोडत, खुर्चीत बसले.

"ब्याण्णव," गुरुजी म्हणाले.

सतरा पुरे व्हायला पाऊण तास लागला. प्रत्येक उठाबशीनंतर मी त्यांना थांबवत होते आणि स्वतः घामाघूम होत होते.

मी थर्मासमधून कॉफी आणली होती. मामींनी पेला दोन्ही हातांनी धरून ती संपवली, डोळे मिटले आणि उठायला गेल्या. उठवेना. पुन्हा जोर लावला. दोन्ही मांड्या लटलटत होत्या.

काका पायरीपाशी आले. मामींच्या काखेत हात घातले, गुडघे वाकवले आणि "एक, दोन" म्हणून त्यांना उभं केलं.

"एकशे नऊ," गुरुजी सवयीने बोलून गेले.

"स्वामी, हे मोजूं नका," काका म्हणाले. "हे देवाचें नव्हे."