कट्ट्यावरचं दूध

माझ्या धाकट्या भावाचं, धैर्यशीलचं, रक्त जन्मापासून गोठत नाही. साधं खरचटलं तरी दवाखाना. कोल्हापुरात वाढायचं आणि तालमीची पायरी चढायची नाही, याहून मोठी शिक्षा नसेल. आण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्याची भरपाई दुधाने केली. रोज संध्याकाळी आम्हा दोघांना गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर न्यायचे. म्हैस समोर, धार थेट पेल्यात, फेस नाकाला. उकळलेलं दूध आण्णांच्या लेखी पाणीच! ते कोमट दूध पिताना जे सुख होतं, ते मला पुढे कुठल्याच पदवीने दिलं नाही.

आता पुण्यात मी विषाणूंची कवचं रिकामी करते. आतलं रोगाचं सामान काढायचं, रक्त गोठवणारं जनुक भरायचं आणि ते रोग्याच्या यकृतापर्यंत पोचवायचं. नेहमीचं कवच धैर्यशीलच्या रक्ताच्या ओळखीचं निघालं. एकदा भेटलेल्या विषाणूला रक्त सोडत नाही; ते वाटेतच मारलं जाई. म्हणून मी म्हशीतला एक बारीकसा, निरुपद्रवी विषाणू निवडला. माणसाच्या रक्ताने तो कधी पाहिलेलाच नाही, असं सहा वर्षं छातीठोकपणे सांगत होते.

पिशवीच्या दुधावर वाढलेल्या पन्नास पुणेकरांच्या रक्तात कवच सुखरूप राहिलं. मग धैर्यशीलचं रक्त तपासलं. एकही कवच वाचलं नाही. माझ्या रक्तातही तेच. कट्ट्यावरच्या धारेतून तो विषाणू आम्हाला लहानपणीच भेटला होता. मी एवढी शहाणी, कच्च्या दुधावर पोसलेली, आणि हे डोक्यात आलं नाही!

कोल्हापूरला घरी येऊन सांगितलं. रडले, आण्णांवर ओरडलेही. "उकळून दिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"ताई, गप की," धैर्यशील म्हणाला. "ते दूध नसतं तर माझ्या ल्हानपणात व्हतं तरी काय?"

आण्णांनी विचारलं, "ते कवच बदलता येतंय काय?"

"येतं. रक्त त्याला जिथे धरतं तेवढाच भाग बदलायचा. पण प्रत्येक नवं कवच अशाच कडक रक्तात टाकून बघावं लागणार. माझं एकटीचं पुरायचं नाही, आणि धैर्यशीलचं सारखं कसं काढू?"

आण्णांनी सदऱ्याची बाही वर सारली.

"माझं घे. सत्तर वर्सं प्यालोय मी. ह्यातनं जे सुटंल, ते पोराला चालंल न्हवं?"