एक कान आप्पांकडे

माणूस वाईट नव्हता, पण बुडाखाली निखारा ठेवल्यासारखा वागायचा. खुर्चीत टेकला की उठायचा, उठला की पुन्हा टेकायचा. लहानपणी बापानं त्याला चुळबुळ्या म्हणायला सुरुवात केली, ती केस पिकायला लागले तरी चालूच होती. वॉशिंग मशीन बनवणाऱ्या एका कंपनीसाठी हा तक्रारींचे फोन घ्यायचा, घरातच बसून, लॅपटॉपवर. बायको नर्स, ती सकाळीच हॉस्पिटलला निघून जायची. मग घरात दोघंच उरायचे. पुढच्या खोलीत टेबलाशी हा, आणि मागच्या खोलीत खाटेवर आप्पा, म्हणजे त्याचा बाप.

आप्पा मागे एकदा बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडून बसले. तेव्हापासून त्यांच्या हातात काठी आली, आणि ह्याचा एक कान कायमचा मागच्या खोलीत जाऊन बसला. काठीची टकटक आली की हा कान टवकारायचा, उठले वाटतं, काहीतरी हवंय. टकटक थांबली की खुर्चीतून अर्धा उठायचा, पडले वाटतं. तिकडे फोनवर एखादी बाई जीव तोडून सांगतेय की मशीन पाणीच सोडत नाही, आणि हा म्हणतोय, "काय म्हणालात? परत सांगता का?"

शेवटी वरच्या मॅडमचा फोन आला.

"तुमच्या घरात सुतारकाम काढलंय का हो?"

"नाही मॅडम."

"मग ग्राहक मला टकटक टकटक काय सांगतात? आणि तुम्ही एकच गोष्ट तीनतीनदा विचारता. आता हेडऑफिसला नव्या मशीनचं ट्रेनिंग आहे, ते करून या. आल्यावर तुमचे फोन मी स्वतः ऐकणार. सुधारलं नाही तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट काय वाटायचंय! ह्याची झोपच उडाली. नोकरी गेली तर ह्या वयात घरबसल्या दुसरी कोण देणार? आणि घराबाहेरची धरली तर आप्पांकडे कोण बघणार? आप्पांचं नाव मात्र त्यानं मॅडमपुढे काढलं नाही. घरात म्हातारा आहे म्हटलं की आधी ह्यालाच काढतील, असं त्याच्या डोक्यात बसलेलं.

बायको म्हणाली, "जरा चांगलं सामान घ्या कामाचं. मान मोडून बसता, माउस अडकतो, आवाज धड येत नाही."

हा कॉम्प्युटरच्या सामानाच्या दुकानात गेला. दुकानदार वायरींच्या गुंत्यात कोळ्यासारखा बसला होता. ह्यानं आत शिरल्या शिरल्या हे उचल, ते ठेव, एखादं खोकं उघड असा सपाटा लावला.

"साहेब, आधी त्या स्टुलावर बसा. दुकान कुठं पळून जात नाही," दुकानदार म्हणाला. "घरी काम करता की फिरतीवर?"

"घरी. पण आता प्रवास पण आहे."

"मग दोन ढीग करा. घरच्यासाठी हा स्टँड. लॅपटॉप डोळ्यासमोर यायला पाहिजे, नाहीतर मान जाईल कामातून. लॅपटॉप वर चढला की हात पोचत नाही, म्हणून वेगळा कीबोर्ड. हे दोन्ही घरातच राहू द्या, प्रवासाला न्याल तर हमाल व्हाल. प्रवासाला हा लहान माउस, आणि हा एकच चार्जर. फोनलाही चालतो, लॅपटॉपलाही. बास."

"आणि ऐकायला?"

दुकानदारानं एक जाडजूड हेडफोन ह्याच्या डोक्यावर चढवला. दोन्ही कानांवर गाद्या बसल्या आणि जग बंद झालं. रस्त्यावरून मोटारी मुक्यानं जायला लागल्या. दुकानदाराचे ओठ हलतायत, शब्द नाही. ह्यानं तो ओरबाडून काढला.

"अहो, बाहेरचं काहीच ऐकू येत नाही!"

"त्याचेच तर पैसे घेतो मी."

"नको. घरी वडील आहेत."

"मग हा एका कानाचा न्या. पण सांगून ठेवतो, एका कानाचा माणूस दोन्ही पंगतीला उपाशी."

ह्यानं एका कानाचाच नेला. टेबल असं सजलं की बघत राहावं. पण टकटक आली की हा उठायचा, थांबली की हा पळायचा. बायको दारातून बघून म्हणाली, "स्टँड नवा, कीबोर्ड नवा, माउस नवा. बसणारं माणूस तेवढं जुनंच आहे."

ट्रेनिंगचा दिवस आला. थोरली बहीण आप्पांजवळ राहायला आली आणि हा गेला. तिथल्या हॉलमध्ये सगळ्यांना दोन्ही कानांचेच हेडफोन वाटले. नाही म्हणायची सोयच नव्हती. ह्यानं डोळे मिटून तो घातला आणि आलेला फोन घेतला. एक गृहस्थ रडकुंडीला आले होते. नवीन मशीन सुरू केलं की नाचत नाचत थेट दारापर्यंत येतं! ह्यानं शांतपणे विचारलं, मागे पाठवणीचे बोल्ट आहेत का, प्रवासात आतलं पिंप हलू नये म्हणून लावतात ते? होते. ते काढायला लावले, मशीन जागेवर बसलं, आणि गृहस्थ तोंडभर आशीर्वाद देऊन गेले. एकदाही "परत सांगता का" नाही. मागून ट्रेनिंगवाल्यानं पाठ थोपटली.

दुपार कशी सरली कळलं नाही. आणि मग एकदम ह्याला आठवलं, आपल्याला दुपारभर आप्पा आठवलेच नाहीत! कोणीतरी कानाखाली मारल्यासारखं झालं. लॉजच्या खोलीत येऊन त्यानं घाईघाईनं बहिणीला फोन लावला.

"ताई, आप्पा कुठायत? काठी ऐकू येत नाही."

"काठी कोपऱ्यात आहे की. संडासला जाताना घेतात."

"आणि एरवी? आपटत नाहीत?"

"कशाला आपटतील? दुपारभर ढाराढूर झोपले होते."

"त्यांना दे."

आप्पा फोनवर आले. "काय रे चुळबुळ्या, पोचलास ना? मग आता काय झालं?"

"आप्पा, माझ्याकडे दिवसभर काठी आपटता ती कशाला?"

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी?"

"मग कुणासाठी? मी जरा गप पडलो की तू फोन टाकून धावत येतोस. नाकाशी बोट धरून बघतोस. धड झोपू देत नाहीस. अरे, उभा जन्म बॉयलरवर काढला मी. बॉयलर आवाज करतोय तोवर माणूस जागेवर बसतो, गप झाला की पळत सुटतो. म्हटलं आवाज चालू ठेवावा, म्हणजे पोरगं बसून काम करील. हात भरून येतो माझा."

"आणि मी समजतो, तुम्हाला काहीतरी हवंय."

"हवी आहे ना. झोप."

परत आल्यावर तो आधी दुकानात गेला. एका कानाचा दिला, दोन कानांचा घेतला. वर आणखी एक वस्तू मागितली. गळ्यात अडकवायचं बटण, दाबलं की दुसरीकडे ठेवलेल्या डबीत लाल दिवा लागतो.

"हे कॉम्प्युटरचं सामान नाही हो," दुकानदार म्हणाला. "दारावरच्या बेलचा प्रकार आहे हा."

"माझ्या कॉम्प्युटरला हेच लागतं."

बटण आप्पांच्या गळ्यात, डबी स्टँडशेजारी. पहिल्या दिवशी आप्पांनी चहासाठी दिवा लावला, पंखा बारीक करायला लावला, आणि एकदा नुसताच लावला. "चालतंय का बघत होतो," म्हणाले. काठी मात्र गप झाली.

दुसऱ्या दिवशी मॅडम ऐकायला बसणार होत्या. ह्यानं आप्पांना बजावून सांगितलं, आज मॅडम ऐकतायत, उगाच दिवा लावू नका, खरंच काही लागलं तर मात्र दाबा. मग गाद्या कानांवर चढवल्या आणि काम सुरू केलं. डोक्यात कापूस कोंबल्यासारखी शांतता. नजर पडद्यावर कमी, डबीवर जास्त. दिवा काही लागत नव्हता. एका बाईच्या घरभर पाणी झालं होतं. तिला नळी कुठून काढायची ते सांगता सांगता हा अर्धा उठला, आणि मांडी दाबून धरून त्यानं स्वतःलाच खाली बसवलं. दिवा नाहीच. इतका वेळ नाही? बरं आहे की वाईट आहे? फोन संपला तसा पडद्यावर मॅडमचा निरोप उमटला, "छान. असंच चालू ठेवा."

हेडफोन गळ्यात टाकून हा मागे पळाला.

आप्पा जमिनीवर. खाटेला पाठ टेकलेली, पाय पसरलेले, बटण गळ्यात.

"आप्पा! कधी पडलात?"

"पडलो नाही, घसरलो. फरक असतो."

"लागलं?"

"बुड शेकलंय जरा. खुबा ठीक आहे, पाय हलतोय. हा बघ."

"मग बटण का नाही दाबलं? शोभेला घातलंय का गळ्यात?"

"तुझी ती मॅडम ऐकत होती ना? म्हटलं होऊ दे फोन. काय म्हणाली?"

"छान म्हणाली." ह्यानं वाकून त्यांचा पाय चाचपला. "काय खुळेपणा आहे हा, आप्पा!"

तेवढ्यात पुढच्या खोलीत दुसरा फोन वाजायला लागला. ह्याचं एक पाऊल इकडे, एक तिकडे.

"जा, घे तो," आप्पा म्हणाले. "मी बसलोय आरामात."

"नाही घेत."

"मग तुझ्या त्या मशीनला थांबायचं बटण नाही का?"

"आहे. पण दाबलं की मॅडमना दिसतं."

"बघ," आप्पा म्हणाले. "आणि मला खुळा म्हणतोस."

हा पुढच्या खोलीत गेला आणि उभ्याउभ्याच ते बटण दाबलं. वाजणं थांबलं. लगेच मॅडमनी लिहिलं, "काय झालं?" ह्यानं नव्या कीबोर्डवर दोन बोटांनी टाइप केलं, "घरी वडील आहेत. घसरलेत. उचलतोय."

उत्तर काय येतंय ते बघायला तो थांबला नाही.