करंट मी मारला नाही

मी या घरातला फ्रिज बोलतोय. आलो तेव्हा पांढराशुभ्र होतो, आता दारावर पिवळट झाक आहे. पण कामात कधी कसूर केली नाही. मालक दुपारी चोरून गोड खातात, त्याचीही मी चुगली केली नाही. दार उघडलं की दिव्याचा उजेड त्यांच्या तोंडावर पडतो, त्याला माझा इलाज नाही.

अशा माझ्यावर म्हातारपणी आळ आला.

मालकीणबाईंना कर्करोग झाला आणि दवाखान्यात सलाइनमधून औषध सुरू झालं. पहिल्या खेपेनंतर त्या घरी आल्या, दुधाचं पातेलं काढायला गेल्या आणि हात झटकून मागे सरल्या.

"अहो, हा करंट मारतोय."

मालकांच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर असतो. नळ गळला तरी ते आधी टेस्टर लावतात. मला त्यांनी पुढून, मागून, खालून टोचलं. टेस्टर काही पेटला नाही. पुढे त्रास आपोआप कमी झाला, तेव्हा मी टेस्टरला घाबरलो असं त्यांनी शेजारणीला सांगितलं. दुसऱ्या खेपेनंतर पुन्हा तेच. मग वायरमन आला. त्याने अर्थिंग तपासलं, माझ्या अंगावर अख्खा पंजा टेकवला.

"काका, यात काही नाही."

तरीही मालकांनी माझा प्लग उपसला. बाईंनी आतली बाटली धरली आणि लगेच सोडली.

"बंद असून मारतो," मालक म्हणाले. "साठवून ठेवत असणार."

वायरमन पिशवी उचलून गेला. रविवारी मला भंगारात द्यायचं ठरलं.

त्याच दुपारी बाई एकट्या होत्या. नळाखाली हात धरला आणि बोटं आखडली. त्यांनी नळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तूच असू दे रे बाबा," त्या हळूच म्हणाल्या. "औषधामुळे होतंय असं निघालं तर ते बंद करतील. आत्ता कुठे गाठ लहान होतेय."

मला बोलता आलं असतं तर मी तिथल्या तिथे गुन्हा कबूल केला असता.

शनिवारी दवाखान्यातल्या सिस्टरचा चौकशीचा फोन आला. मालकांनी तो स्पीकरवर टाकला.

"सगळं उत्तम आहे. फक्त फ्रिज करंट मारतो."

"तुम्हालाही?"

"नाही, फक्त हिला."

"औषधाआधी मारायचा?"

"छे. नेमका त्याच वेळी बिघडला बघा."

 सिस्टर म्हणाल्या, "असं करा. फ्रिज बंद करून उघडा टाका. आतला गारवा गेला की चालू करा आणि काकूंना लगेच हात लावू द्या. नंतर शेजारच्या फ्रिजमधली गार बाटली क्षणभर धरू द्या."

मला रिकामं केलं. मी कोमट झालो, घरघरत चालू झालो. बाईंनी डोळे मिटून मला आतून बाहेरून चाचपलं. काही झालं नाही. मग शेजारणीची बाटली आली. तिचा फ्रिज कोरा करकरीत, हप्तेही अजून फिटले नव्हते. बाईंनी बाटली धरली आणि हात झटकला.

"बघा, हिचाही मारतो," मालक म्हणाले आणि टेस्टर घेऊन शेजारी निघाले. शेजारीण दारात आडवी उभी राहिली.

बाईंनी स्वतःच फोन लावला. "सिस्टर, नळाचं पाणीही चावतं. मी लपवलं. पण औषध बंद करू नका हो."

सिस्टरनी डॉक्टरांना विचारून परत फोन केला. "औषधामुळेच होतंय, काकू. गार लागलं की या औषधाने असं होतं. बंद नाही करायचं. सलाइन सावकाश सोडू. गार काही धरायचं नाही, प्यायचं नाही, आणि काही झालं तर लपवायचं नाही."

फोन ठेवून बाई माझ्या शेजारच्या स्टुलावर बसल्या आणि पोटभर रडल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मालकांनी टेस्टर परत खिशात ठेवला.

रविवारी भंगारवाला आला. बाई लोकरीचे हातमोजे घालून दारात गेल्या.

"नाही द्यायचा. त्याची काही चूक नव्हती."

माझं मागणं एवढंच. घरात कुणाचं औषध चालू असेल आणि एखादी वस्तू चावायला लागली, तर आधी दवाखान्यात विचारा. बाईंच्या अजून बऱ्याच खेपा बाकी आहेत. त्या संपतील आणि बाई मोजे काढून माझं दार उघडतील, तोवर मला इथेच उभं राहायचं आहे.