ओळीत बांधलेल्या खुर्च्या

जेवणाआधी सभागृह भरलेलं आणि जेवणानंतर ओस, ही पाणीपुरवठा अभियंत्यांच्या परिषदेची जुनी खोड. ताट खाली ठेवलं की माणसं उतार सापडलेल्या पाण्यासारखी दाराबाहेर वाहून जायची. मागे उरायचे दोघे, व्यासपीठावर वक्ता आणि पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर अध्यक्ष. एक बोलायचा, दुसरा डुलायचा. आणि ते डुलणं काही भाषणाला दाद म्हणून नसायचं.

"वहिनी, आता हे शेवटचं," संघटनेचे सचिव म्हणाले होते. "यंदा जेवणानंतर सभागृह भरलेलं दिसलं, तर परिषद पुढेही भरेल. नाहीतर पुढच्या वर्षापासून सगळं पडद्यावर. ज्याने त्याने घरी बसून ऐकावं. झोपायचंच असेल तर निदान आपापल्या पलंगावर झोपावं!"

वहिनी म्हणजे परिषदा बसवून देणाऱ्या बाई. सासऱ्यांचा धंदा खुर्च्या भाड्याने देण्याचा. तो आता धाकटा दीर पाहायचा, आणि त्याच दुकानाच्या माडीवर वहिनींनी आपलं कार्यालय थाटलं होतं. दीर वहिनी म्हणतो म्हणून गिऱ्हाइकंही वहिनीच म्हणू लागली. ही परिषद त्यांना मिळालेलं पहिलंवहिलं काम, तेव्हापासून दरवर्षीचं. गावोगावची माणसं वर्षातून एकदा समोरासमोर येतात, आणि तेवढंही जर तुटलं तर ते आपल्या हातून तुटलं, या विचाराने त्यांना घास गोड लागेना.

गेल्या वर्षी मात्र त्यांनी एक गोष्ट हेरून ठेवली होती. चहाच्या पिंपाची तोटी अडकली होती आणि रांग काही पुढे सरकत नव्हती. सभागृहात पेंगणारी तीच माणसं त्या रांगेत टक्क जागी होती! मागचा पुढच्याला विचारत होता, पुढचा मागे वळून हातवारे करून सांगत होता. तोटी दुरुस्त झाली तेव्हा कुणाला आनंद झालेला दिसला नाही.

ते पाहताना वहिनींना त्यांचे मामा आठवले. मामा गाऊन प्रवचन करायचे. पद अर्धं म्हणून ते हात पुढे करून थांबत, आणि उरलेलं अर्धं समोरच्यांच्या कंठातून उमटे. "अगं, सगळं मीच गायलो," मामा म्हणत, "तर देव विचारील, हा एकटाच आला, बाकीचे कुठायत?"

म्हणून यंदा वहिनींनी बेतच बदलला. व्यासपीठ नाही, सोफा नाही, रांगा नाहीत. खुर्च्यांचे छोटे छोटे गोल. आणि छातीवरच्या पट्टीवर हुद्दा न लिहिता नावाखाली लिहायचं, 'माझं काय अडलंय.' वक्त्यांनीसुद्धा एकेका गोलात बसायचं आणि विचारलं तेवढंच बोलायचं.

"खुर्च्या गोल मांडायच्या?" दिराने नकाशा उलटा-सुलटा करून पाहिला. "संगीत खुर्ची खेळायचीय का वहिनी?"

"खेळायचीय. हरलात तर तुम्ही बाहेर, भाऊजी."

परिषदेच्या सकाळी वहिनींनी सभागृहाचं दार उघडलं आणि त्या उंबऱ्यातच थबकल्या. पांढरी आवरणं घातलेल्या खुर्च्या शाळेतल्या मुलांसारख्या सरळ रांगेत उभ्या होत्या. पुढे मधोमध सोफा. शेजारी दीर, नव्या नवरदेवासारखा फुललेला.

"भाऊजी, हे काय?"

"काय म्हणजे? बघा तरी, दोरी धरून ओळ लावलीय! आणि पायांना पाय बांधलेत. भूकंप झाला तरी रांग हलायची नाही."

"भूकंप मीच करणार होते ना आज! नकाशा दिला होता तुम्हाला!"

दिराचा हात खिशाकडे गेला. नकाशा तिथेच होता, चौपदरी घडी घालून. "आईशप्पथ... पोरांनी नेहमीच्या हाताने मांडल्या, वहिनी. मी आलो, सरळ ओळ पाहिली, आणि मन असं भरून आलं की बाकी काही आठवलंच नाही."

"बोलवा मग पोरांना."

"ती गाडी घेऊन दुसऱ्या कामावर गेली."

जिन्यावर पावलं वाजू लागली होती. वहिनींनी क्षणभर डोळे मिटले. देवा, अर्धं पद तर म्हणून झालं, आता पुढचं कोण म्हणणार? आणि डोळे उघडले तेव्हा पुढचं म्हणणारेच दारात येऊन उभे होते. वहिनी हसल्या आणि दोन्ही हात पसरून दार अडवून उभ्या राहिल्या.

"या, या! पण एक अट आहे. आज खुर्ची बसायला मिळायची नाही, आधी उचलायला मिळेल. गाठी आमच्या भाऊजींनी मारल्यात. त्या सुटतात का बघा, तुम्ही अभियंते म्हणवता ना!"

पुढचे दोघे-तिघे हसले, चौथ्याने बाह्या सरसावल्या. "ही गाठ आहे की शिक्षा?" कुणीतरी खाली बसून ओरडलं. "अहो, ते टोक ओढू नका, आवळेल!" "तुम्ही कुठल्या गावचे? आमच्याकडे असंच ओढतात!" बघता बघता सभागृहाचा बाजार झाला. माणसं डोक्यावर खुर्च्या घेऊन फिरू लागली, गोल कुठे मांडायचा यावरून भांडू लागली. भांडण काय, ओळखीची थोरली बहीणच.

इतक्यात अध्यक्ष आत आले आणि गलका थिजला. त्यांच्या शब्दाचा धाक असा की ते शिंकले तरी लोक टिपून घेत. मधोमध फक्त सोफा उरला होता. सचिव वहिनींच्या कानाशी लागले, "तो राहू द्या हो, हात जोडतो!"

पण आता माघार घेऊन भागणार नव्हतं. "साहेब," वहिनी म्हणाल्या, "सोफा जड आहे. एका बाजूने तुम्ही धरलात तर हलेल."

अध्यक्षांनी वहिनींकडे पाहिलं, सोफ्याकडे पाहिलं, आणि कोट काढून सचिवांच्या हातात दिला.

दुसरं टोक डोंगरगावच्या एका तरुण अभियंतीने धरलं. सोफा उचलला की समोरच्याच्या छातीकडे बघण्यावाचून गत्यंतर नसतं. अध्यक्षांनी तिची पट्टी वाचली. 'चढावरचा नळ दरवेळी एकाच जागी फुटतो.'

"चढाच्या माथ्यावर का?" त्यांनी चालता चालता विचारलं.

"हो साहेब. दोनदा बदलला."

"हवा अडकत असेल. हवेची झडप बसवलीय?"

"चांगली मोठी बसवलीय, तरी फुटतो."

"मोठी?" डोक्यावर खुर्ची घेतलेला समुद्राकाठच्या गावचा अभियंता तिथेच थबकला. "बाई, तिथेच तर मेख आहे! मोठ्या झडपेतून हवा एकदम सुटते, मागून पाणी धावत येतं आणि आपटतं. मी असेच नळ फोडून बसलोय. लहान बसवा, हवेला हळूहळू जाऊ द्या."

अध्यक्षांनी सोफा तिथेच खाली ठेवला. "असं होय! आणि मी मात्र आयुष्यभर मोठी झडप बसवायला सांगत आलो." ते इतक्या मोकळेपणाने हसले की त्या हसण्याने साऱ्या सभागृहाचा बांधच फुटला. जो तो शेजाऱ्याची पट्टी वाचू लागला. पहिला वक्ता आला तेव्हा त्याला बसायला जागा मिळेना. त्याने दाराशी राहिलेली एक खुर्ची सोडवली आणि एका गोलात घुसला. दरवर्षी लोकांना जागं करायला घंटा वाजवणारे सचिव यंदा त्यांना गप्प करायला वाजवत होते, आणि घंटेला कुणी भीक घालत नव्हतं.

जेवण झालं. वहिनी भोजनगृहात डोकावल्या तर तिथे चिटपाखरू नव्हतं. ओसरीवर कुणी नाही, फाटकाशी कुणी नाही. गेले सगळे? सकाळचा तो सगळा रंग म्हणजे चार घटकांची मौज?

सचिव दाराशी उभे होते. त्यांनी नुसतं दार ढकललं.

आत सगळे होते. गोडाच्या वाट्या हातात घेऊन आले होते आणि चमच्यांनी हवेत नकाशे काढत होते. डोंगरगावची अभियंती एका गोलात उभी राहून झडपेची गोष्ट सांगत होती. ती अर्ध्यावर थांबली की समुद्राकाठचा उरलेलं सांगे. मामा असते तर म्हणाले असते, रंगलं गं, आता देव आल्याशिवाय राहत नाही! वहिनींनी पदराने डोळे टिपले.

"हरलो," सचिव म्हणाले, पण चेहरा जिंकल्यासारखा होता. "पडद्याचं विसरा."

सोफा भिंतीशी पिशव्यांखाली दडपून गेला होता. त्याच्या पलीकडच्या गोलातून अध्यक्षांनी हाक मारली, "वहिनी! पुढच्या वर्षी खुर्च्या मांडूच नका हं. आमच्या आम्ही मांडू."

"मग आम्ही काय करायचं?" दीर हिरमुसून पुटपुटला.

"तुमचं काम तर सगळ्यात मोठं आहे, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "गाठी मारायच्या. अगदी अशाच. जमलं तर जरा आणखी घट्ट."