चिमणीचा उजवा

तिनं चिमणीला रेटत रिंगच्या दोरांपर्यंत नेलं, बरगडीत एक ठोसा घातला आणि मागे सरून वाट पाहिली. आता चिमणीचा उजवा यायला हवा होता. आला नाही.

"मार ना! हात काय घरी ठेवून आलीस?"

"खांदा धरलाय, ताई," चिमणी पुटपुटली.

सरांनी शिट्टी वाजवली. ती दोरांखालून बाहेर आली, पाण्याची बाटली उचलली, न पिताच खाली ठेवली, पुन्हा उचलली. निवड चाचणी तोंडावर आल्यापासून तिला एका जागी बसवत नव्हतं. मागच्या ऑलिंपिकमध्ये आणखी एक लढत जिंकली असती तर पदक पक्कं होतं. हातातोंडाशी आलेला घास गेला. लोक अजूनही तिला कौतुकानं 'ऑलिंपिकवाली' म्हणत आणि ते ऐकलं की ती चपला घालून चालू लागे. धाकट्या बहिणीच्या लग्नातसुद्धा ती आधी मैदानावर धावून आली आणि मगच साडी नेसली. "हिच्या पायाला भिंगरी बांधलीय," आई पाहुण्यांना सांगत होती.

आता सगळं जमून आलं होतं. सरावात तिला कुणी हरवत नव्हतं. पण डाव्या डोळ्याच्या कडेला करडा पडदा उतरला होता. दाराची चौकट खांद्याला लागे, डावीकडचा पेला धक्क्यानं उलटे. दृष्टिपटल फाटलंय, आणखी एक ठोसा बसला तर डोळा जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. तिनं ते कुणापुढे बोलून दाखवलं नव्हतं. एकदा चाचणी होऊ दे, मग बघू.

ती कपडे बदलायला निघाली, तोच मागे साखळी खणखणली. तिनं वळून पाहिलं. चिमणी टांगलेल्या बॅगेवर तुटून पडली होती. उजव्या हातानं. प्रत्येक ठोशासरशी ती जड बॅग आढ्याकडे उसळत होती.

"खांदा बरा झाला वाटतं?"

चिमणीचं तोंड एवढंसं झालं. नजर सरांकडे वळली.

"तिला नको दरडावूस," सर म्हणाले. "मीच सांगितलंय. सगळ्यांनाच. तुझ्या डाव्या बाजूला कुणी मारायचं नाही."

इतक्या दिवसांच्या जिंकलेल्या फेऱ्या एकदम पोकळ झाल्या.

"कधी कळलं तुम्हाला?"

"डावीकडून हाक मारली की तू अख्खी वळायला लागलीस, तेव्हा. असे डोळे गेलेले पाहिलेत मी."

"मग बोलला का नाहीत?"

"जीभ रेटेना. वाटलं, तूच सांगशील."

तिनं हॉलमध्ये एक येरझार घातली, दुसरी घातली आणि चिमणीसमोर येऊन थांबली. वजनगट एकच. चाचणीची अंतिम लढत या दोघींतच होणार, हे तिथल्या झाडूवालीलाही ठाऊक होतं.

"चाचणीत तरी मारणार होतीस ना?"

चिमणी खाली मान घालून ग्लोव्हची पट्टी चाळवत राहिली.

"तुझा डोळा गेला असता, ताई."

"आणि तुझं ऑलिंपिक?"

"मी काय, पुढच्या वेळी..."

"पुढच्या वेळेचं मला विचार," ती म्हणाली. "चल, वर ये. बाहेरून वळवून उजवा सोड. डाव्या गालाशी थांबव."

"वेडेपणा करू नकोस," सर पुढे झाले.

"थांबवेल ती. तुम्हीच शिकवलंय."

दोघी ग्लोव्ह घालून रिंगमध्ये उभ्या राहिल्या. इतके महिने जे करायची छाती झाली नव्हती, ते तिनं केलं: ग्लोव्हनं आपला चांगला, उजवा डोळा झाकून घेतला. समोर चिमणीचा अर्धाच चेहरा उरला. तिनं हनुवटी खाली घेतली, गुडघे सैल सोडले. काहीच आलं नाही.

"मार की!"

"ताई," चिमणी म्हणाली, "हात केव्हाचा तिथंच आहे."

तिनं मान वळवली. गालापासून बोटभर अंतरावर लाल ग्लोव्ह थांबला होता. मग तिनं तो आपल्या दोन्ही हातांत धरला आणि हळूच खाली केला.

"चाचणीत तुझ्यासमोर दुसरी कुणीतरी असेल," ती म्हणाली. "तिच्यापाशी असा थांबवायचा नाही."